प्राथमिक शाळेतील लसीकरणाची नोंद : एक अभ्यास

शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या बालकाविषयी आपण पुष्कळ लिहून ठेवतो. त्याचे नाव, पालकाचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मस्थान, मातृभाषा, पूर्वीची शाळा या सर्व गोष्टी प्रवेश-निर्गम नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत उतरतात, आणि पन्नास वर्षांनंतरही त्या नोंदीचा उतारा मागण्यासाठी माणसे शाळेच्या दाराशी येतात. इतकी चिरंजीव नोंद ठेवणारी दुसरी संस्था खेड्यात क्वचितच आढळेल. परंतु त्याच बालकास कोणती लस कोणत्या दिवशी टोचली गेली, हे सांगणारा कागद शाळेत सहसा नसतो. असलाच तर प्रवेश-अर्जातील एका ओळीत तो सामावलेला असतो : ‘लसीकरण झाले आहे काय? होय / नाही.’ आणि ‘होय’वर खूण केलेली असते.

या ‘होय’चा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा आदेश नव्हे. केंद्रातील शिक्षणपरिषदेत शिक्षकबंधुभगिनींनी एकत्र बसून वाचावा व त्यावर चर्चा करावी, एवढाच याचा हेतू आहे.

आमच्या पाहण्यात एक शाळा आली होती. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पहिलीच्या सर्व मुलांपुढे एकाच हाताने, एकाच शाईने आणि उघडच एकाच बैठकीत ‘होय’ लिहिलेले होते. गुरुजी प्रामाणिक होते. त्यांनी प्रत्येक आईला विचारले होते, आणि जवळजवळ प्रत्येकीने एकच उत्तर दिले होते : “समदे डोस झालेत की गुरुजी, अंगणवाडीच्या बाईंना इचारा.” आईही खोटे बोलत नव्हती. पोलिओच्या रविवारी मूल बूथवर नेले, तोंडात दोन थेंब पडले, बोटाला शाई लागली, म्हणजे डोस झाला, अशी तिची समजूत. पुढे कार्डे मागविली तेव्हा पाच-सहा कार्डांत एक वर्षाच्या पुढील घरे कोरी निघाली आणि काही कार्डे निघालीच नाहीत. आई खरे बोलत होती, गुरुजींनी ऐकले तसे लिहिले होते, आणि तरीही नोंद चुकीची होती. दोष प्रश्नाच्या रचनेत होता.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. आपल्या देशातील ती पहिली यशस्वी टोचणी. त्या काळी एका बालकाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडात भरीत. पुढे पद्धती सुधारल्या; परंतु देवी काढलेल्या माणसाच्या दंडावर वण उरत असे, तो मात्र कायम राहिला. आपल्या आजोबा-आजींच्या दंडावर ते गोल, खडबडीत वण आजही दिसतात. तपासनिसाने बाही वर करावयास सांगितले की नोंद वाचून झाली. कार्ड हरवण्याचा प्रश्न नव्हता, कारण कार्ड अंगावरच होते.

आजच्या लशींपैकी बी.सी.जी. वगळता दुसरी कोणतीही अशी खूण मागे ठेवीत नाही. बी.सी.जी.चा डाव्या दंडावरील लहानसा वण पाहून ‘याला टोचलेले आहे’ असे म्हणणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. तो वण जन्माच्या वेळच्या एका लशीविषयी सांगतो. गोवर, घटसर्प, धनुर्वात यांविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय काही बालकांत लस देऊनही तो उमटत नाही. शरीर बोलेनासे झाले तेव्हापासून कागदाला बोलावे लागते. कागद खरा नसेल तर त्याच्या मागे दुसरा साक्षीदार उरत नाही.

कागद भरलेला असणे आणि खरा असणे यांत किती अंतर पडू शकते, याचा मोठा धडा याच देशाने घेतलेला आहे. १९६२ साली राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. बहुतांश लोकसंख्येस ठराविक मुदतीत टोचावयाचे असे उद्दिष्ट ठरले, आणि टोचणाऱ्यांचे आकडे खरोखरीच प्रचंड आले. तरीही देवीची साथ हटेना. कारण शोधता असे आढळले की, जी मुले सहज हाती लागत, विशेषतः शाळेत एका ओळीत उभी राहणारी, त्यांनाच पुनःपुन्हा टोचले जात होते. आणि शेतमजुरांच्या, भटक्यांच्या, झोपडवस्तीतील ज्या घरांत रोग जिवंत होता तेथे टोचणारा पोहोचतच नव्हता. वहीतील बेरीज वाढत होती आणि न टोचलेला माणूस बेरजेच्या आड लपत होता. १९७३ नंतर पद्धत बदलली. शोधपथके देवीच्या रोग्याचे चित्र घेऊन बाजारांत व शाळांत हिंडू लागली आणि मुलांना विचारू लागली : ‘असे कोणी पाहिलेस काय?’ किती टोचले याऐवजी रोग कोठे उरला आहे, हा प्रश्न पुढे आला. मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रोगी सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून जाहीर झाला.

शाळेतील लसीकरण-नोंदीस हाच न्याय लावावा असे आमचे म्हणणे आहे. किती मुलांस लस मिळाली हे सांगण्यासाठी ती वही ठेवावयाची नसून, कोणास मिळाली नाही हे शोधण्यासाठी ठेवावयाची आहे. तसे मानले म्हणजे वहीतील सर्वांत मोलाची जागा कोरा रकाना ही ठरते, आणि तो समजुतीने भरून टाकणे हा सर्वांत मोठा अपराध ठरतो.

आता शाळेच्या वयाशी या लशींचा संबंध किती, ते पाहू. राष्ट्रीय वेळापत्रकातील बहुतेक लशी पहिल्या दोन वर्षांतील आहेत : जन्मतः बी.सी.जी., पोलिओ व कावीळ-ब. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पंचगुणी म्हणजे पेंटाव्हॅलंट लस व तिच्याबरोबरच्या इतर. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत त्याचा दुसरा डोस व त्रिगुणी लशीचा पहिला बूस्टर. त्यानंतर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, दहा वर्षांस धनुर्वात-घटसर्पाची टीडी आणि सोळा वर्षांस पुन्हा टीडी. म्हणजे अखेरच्या तिन्ही लशी शाळेच्या वयातच येतात. अंगणवाडीचा हात सुटतो आणि शाळेचा हात नुकताच धरलेला असतो, अशा नेमक्या क्षणी त्रिगुणीचा दुसरा बूस्टर येतो. ‘मोठा झाला, आता कसला डोस?’ असे पालकांस वाटते, आणि घटसर्पाविरुद्धची शक्ती तर वयाबरोबर ओसरत असते. पूर्वी घटसर्प हा तान्ह्या बालकांचा रोग मानला जाई; अलीकडे आपल्या देशात तो पाच वर्षांवरील मुलांत अधिक दिसतो, याचे एक कारण हेच.

प्रत्येक लशीस वयाची मर्यादाही आहे, हे शिक्षकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. बी.सी.जी. एक वर्षापर्यंत, तोंडाने द्यावयाची पोलिओची लस पाच वर्षांपर्यंत, गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस नियमित कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत, त्रिगुणी सात वर्षांपर्यंत. मूल पहिलीत येते तेव्हा काही दरवाजे लागलेले असतात आणि एक लागण्याच्या बेतात असतो. पहिलीत केलेली चौकशी आणि तिसरीत केलेली चौकशी यांत म्हणूनच फरक आहे.

‘होय’ या शब्दाची किंमत गणिताने मोजता येते. गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग असल्यामुळे त्याची साथ रोखण्यास समाजातील सुमारे ९५ टक्के व्यक्ती सुरक्षित असाव्या लागतात. चाळीस मुलांच्या शाळेत याचा अर्थ असुरक्षित मुले दोनहून अधिक नसावीत. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने सुमारे ८५ टक्के बालकांत संरक्षण निर्माण होते. समजा, आपल्या शाळेतील चाळीसही मुलांना पहिला डोस मिळाला आहे, दुसरा कोणासच नाही. रकान्यात चाळीस वेळा ‘होय’ लिहिले जाईल, ते अक्षरशः खरेही असेल, आणि शाळेत सहा मुले असुरक्षित असतील. ती सहा कोणती हे कोणासच सांगता येणार नाही. वर्गात ताप व पुरळ घेऊन एक मूल आले म्हणजे ते कळेल. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ उसळली, मालेगाव व भिवंडी येथेही ती दिसली, बालमृत्यू झाले. रोग जुनाच होता, लसही जुनीच होती. डोस राहिलेली मुले मात्र दाट वस्तीत एकत्र साठली होती, आणि ती तशी साठत आहेत हे वेळीच कोणाच्या नजरेत भरले नव्हते.

आपल्या शाळांच्या खालच्या वर्गांत आज जी मुले बसलेली आहेत, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील सर्व मुलांना, आधी लस घेतली असली तरी, एक जादा डोस दिला गेला आणि मोहिमेची सुरुवात शाळांतूनच झाली. त्या वेळी पसरलेल्या अफवा व पालकांची समजूत घालताना झालेली दमछाक पुष्कळ शिक्षकांस आठवत असेल. परंतु त्या मोहिमेचे छत्र आजच्या पहिली-दुसरीतील मुलांवर नाही. ती तेव्हा जन्मलीच नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांचे जन्मवर्ष २०२० हे आहे. त्या वर्षीच्या टाळेबंदीत नियमित लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली होती, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस नेमके त्याच महिन्यांत द्यावयाचे होते. या पिढीची कार्डे अधिक बारकाईने पाहावीत.

त्यात धाराशिव जिल्ह्याची म्हणून एक अडचण आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते, ट्रक दाराशी उभा राहतो, भांडीकुंडी, शेळी, म्हातारी आणि लेकरे घेऊन कोयता पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जातो, तो गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. गावी लसीकरणाचे सत्र ठरल्या दिवशी भरते. बाळ मात्र कोपीवर असते. कारखान्याच्या परिसरातील आरोग्यसेविका तेथे येतात, लस देतातही. पण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते, म्हणून त्या वेगळ्या चिठ्ठीवर तारीख लिहून देतात. चिठ्ठी पदराच्या गाठीत जाते आणि पदर धुतला जातो. पुढल्या वर्षी कारखाना वेगळा, आरोग्य केंद्र वेगळे, कदाचित भाषाही वेगळी. अशा बालकाचे कार्ड पाहून ‘लस दिली नाही’ असे म्हणणे आणि न पाहता ‘दिली’ असे म्हणणे, दोन्ही सारखेच चुकीचे. विचारून घ्यावे लागते : त्या साली तुम्ही कोठे होता? कोणता कारखाना? तेथे कोणी टोचले होते काय? हंगामी वसतिगृहात जी मुले गावीच राहतात त्यांची नोंद सोपी. आईबापांबरोबर जाणाऱ्या धाकट्या भावंडांची अवघड. आणि तीच दोन वर्षांनी पहिलीत येणार असतात. उमरग्याकडील सीमेवरच्या गावांत आणि पालांवर राहणाऱ्या कुटुंबांतही हाच प्रकार निराळ्या रूपात दिसतो.

हे सारे एका कल्पित नमुन्याने समजून घेऊ. एक मुलगी आहे. जन्म १२ मार्च २०२०. जून २०२६ मध्ये पहिलीत दाखल. आईने कार्ड आणले. त्यावर बी.सी.जी., शून्य पोलिओ व कावीळ-ब या जन्माच्या लशींपुढे तारीख आहे. पंचगुणीचा पहिला डोस ८ जुलै २०२०, दुसरा १२ ऑगस्ट २०२०. तिसऱ्यापुढे घर कोरे. गोवर-रुबेला पहिला कोरा, दुसरा कोरा; त्रिगुणी बूस्टर कोरा. घाईत असणारा मनुष्य येथे ‘अपूर्ण’ असे लिहून कार्ड परत देईल. चौकशी करणाऱ्यास आई सांगेल की त्या हिवाळ्यात आम्ही कारखान्यावर होतो, आणि कार्डाच्या पिशवीत घडी घातलेली एक चिठ्ठी निघेल : गोवर-रुबेला, ९ फेब्रुवारी २०२१, तेथील उपकेंद्राचा शिक्का. मुलगी तेव्हा अकराव्या महिन्यात होती; डोस योग्य वयात मिळाला. आता तिच्या नोंदीत निश्चित असे काय राहिले? पंचगुणीचा तिसरा डोस व त्रिगुणी बूस्टर मिळाल्याचा पुरावा नाही, गोवर-रुबेलाचा दुसरा नाही. १२ मार्च २०२५ रोजी तिला पाच वर्षे पूर्ण झाली, म्हणजे गोवर-रुबेलाची नियमित मुदत शाळेत येण्यापूर्वीच टळली. त्रिगुणीसाठी मात्र १२ मार्च २०२७ पर्यंत अवधी आहे. हे टिपण जूनमध्ये आरोग्यसेविकेच्या हाती गेले तर पुढे नऊ महिने आहेत. पण दिवाळीस ते कुटुंब पुन्हा निघणार असल्याने खरोखरीचे महिने चार-साडेचारच. कोणता डोस, किती अंतराने, आणि टळलेल्या गोवर-रुबेलाचे काय करावे, हे सर्व वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावयाचे. शिक्षकाने त्यात आपले मत घालू नये. त्याचे काम ही मुलगी त्यांच्या नजरेस, तारखांसह आणि वेळेत आणून देणे हे आहे.

नमुन्यावरून वहीची रचना आपोआप सुचते. प्रत्येक बालकास एक पान द्यावे. एका पानावर वीस नावे आणि वीस ‘होय’ अशी यादी करू नये; यादी डोळ्यांस बरी दिसते आणि नेमके तेच तिचे वैगुण्य आहे. प्रत्येक डोसासाठी स्वतंत्र ओळ असावी, आणि ओळीत तीन गोष्टी : दिल्याची तारीख, दिल्याचे ठिकाण, आणि ही माहिती कशावरून घेतली ते. या तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, पण तीच नोंदीचा कणा आहे. ‘कार्ड पाहिले’, ‘चिठ्ठी पाहिली’, ‘आरोग्यसेविकेच्या नोंदीवरून’, ‘अंगणवाडीच्या नोंदीवरून’, ‘आईने सांगितले’ : या पाचांपैकी जे असेल ते लिहावे. आईने सांगितलेले लिहू नये असे नाही. ते तसे म्हणून लिहावे, म्हणजे पुढे वाचणारा त्यास योग्य तेवढेच वजन देईल. काहीच ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवून शोध सुरू असल्याची तारीख शेजारी घालावी. मोहिमेतील जादा डोस वेगळ्या ओळीत लिहावा, कारण तो नियमित डोसाची जागा भरीत नाही. पोलिओ रविवारचे थेंबही तसेच.

अंदाजाने तारीख घालण्याचा मोह आपल्या पेशात जुना आहे. एक जून ही तारीख महाराष्ट्रातील एका पिढीची सार्वजनिक जन्मतारीख होऊन बसली आहे, ती कोणाच्या लेखणीतून उतरली हे आपण जाणतोच. त्या वेळी गुरुजींनी अडलेल्या पालकाचे काम केले, त्यात वाईट हेतू नव्हता. निवृत्तीच्या दिवशी एकाच गावातील पाच जण एकदम निवृत्त होतात, एवढेच त्याचे फळ. लशीच्या वहीत मात्र असा सोयीचा दिवस घालता येत नाही. दोन डोसांतील अंतर, पहिल्या डोसाच्या वेळचे वय, सात वर्षांची मर्यादा ही सर्व तारखेवर चालतात. प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख चुकली तर हे सर्व हिशेब चुकतात, म्हणून जन्मदाखला व लशीचे कार्ड यांवरील तारखा एकमेकींशी पडताळून पाहाव्यात. त्यांत तफावत असेल तर ती आपण दुरुस्त करू नये. दोन्ही लिहून ठेवावी.

दहा वर्षांच्या टीडीचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या अनेक लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. मूल पाचवीस शेजारच्या मोठ्या गावी जाते, आणि दहावे वर्ष त्याच सुमारास भरते. जुन्या शाळेस वाटते की आता नवी शाळा पाहील. नव्या शाळेस वाटते की प्राथमिकमध्ये झाले असेल. निर्गम उतारा जन्मतारीख सांगतो, प्रगती व वर्तणूक सांगतो, लशीविषयी मुका असतो. वहीच्या पानाची एक प्रत मुख्याध्यापकांच्या सहीनिशी उताऱ्यास जोडून दिली तर हा खंड पडणार नाही. त्यास कोणाच्या नव्या मंजुरीची गरज भासू नये; टाचणी पुरते. स्थलांतरित मुलांबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते लिहिताना त्याच्या मागे लशीचे पान जोडावे, म्हणजे कारखान्यावरील आरोग्यसेविकेस कोऱ्या घरांची माहिती आयती मिळेल.

येथे एक गोष्ट बोलून दाखविणे भाग आहे. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही १९६२ पासून एकाच जिल्हा परिषदेची लेकरे आहेत. आरोग्यसेविकेकडे राहिलेल्या बालकांची यादी असते, आशाताई ती घरोघर फिरून करतात. अंगणवाडीत स्वतंत्र नोंद असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीस येते. आणि शाळेच्या संगणकीय नोंदी आणखी निराळ्या. चार जणांच्या चार वह्या एकाच बालकाविषयी असून त्या एका टेबलावर कधी येत नाहीत. यू-विन या संगणकीय प्रणालीत आता लसीकरणाची नोंद होऊ लागली आहे, आणि एका जिल्ह्यात दिलेला डोस दुसऱ्या जिल्ह्यात दिसावा ही तिची मोठी सोय आहे. परंतु आज पहिली-दुसरीत असलेल्या मुलांचे आरंभीचे डोस तिच्या आधीचे आहेत, आणि नोंद मोबाइल क्रमांकास बांधलेली असल्याने क्रमांक बदलला की शोध अवघड होतो. ज्या घरात वर्षाला दोन सिमकार्डे बदलतात तेथे कागदाचे पान अद्याप लागणारच. शिक्षकांच्या माथी कामे कमी आहेत असे आम्ही म्हणत नाही. यादीत आणखी एका यादीची भर घालणे कोणासही आवडणार नाही. म्हणून हे काम वर्षभर पसरू न देता दोन दिवसांत बसवावे असे सुचवितो.

पहिला दिवस एप्रिलमधील शाळापूर्व तयारी मेळाव्याचा. ऊसतोडीची कुटुंबे त्या सुमारास परतलेली असतात, आई मुलाबरोबर शाळेत आलेली असते, अंगणवाडीताईही हजर असतात. निमंत्रण देतानाच ‘लशीचे कार्ड व असतील त्या सर्व चिठ्ठ्या आणा’ असे सांगावे. कार्ड पाहून पान भरावे, पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि कार्ड त्याच क्षणी आईच्या हाती परत द्यावे. शाळेत ठेवून घेऊ नये. दुसरा दिवस जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरच्या पंधरवड्यात, आरोग्यसेविकेच्या सोयीने. त्या दिवशी तिची यादी व आपली वही समोरासमोर ठेवून कोरे रकाने वाचावेत; तिच्याकडे असलेल्या तारखा आपल्याकडे उतराव्यात, आपल्याकडे असलेल्या तिच्याकडे. जी नावे दोन्हींकडे कोरी राहतील तेवढीच यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाईल. ती लहान असेल. लहान असण्यातच तिचा उपयोग आहे.

पुराव्याची प्रत एकाहून अधिक ठिकाणी असावी, हे या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर व त्या परिसरातील गावे कोसळली, तेव्हा घरांबरोबर घरातील कागदही मातीत गेले.

काही पथ्ये आहेत. कार्ड नाही म्हणून कोणाचाही प्रवेश अडवू नये. शिक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो लशीच्या कागदावर अवलंबून नाही. ज्या मुलाचे कार्ड नसते त्यालाच बहुधा शाळेची अधिक गरज असते. राहिलेल्या मुलांची नावे परिपाठात वाचून दाखवू नयेत, फलकावर लावू नयेत, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. आईला दोष देण्याच्या सुरात विचारले तर ती पुढच्या खेपेस ‘झालंय सगळं’ असेच म्हणेल, आणि आपल्या वहीत आणखी एक खोटा ‘होय’ जमा होईल. सत्राच्या दिवशी मूल उपाशी नाही ना, आजारी नाही ना, एवढे पाहावे. टोचल्यावर अर्धा तास ते आरोग्यसेविकेच्या नजरेसमोर बसेल अशी व्यवस्था करावी. लशीची पेटी, सुया, बाटल्या यांस शिक्षकांनी हात लावू नये. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राखावी लागते, तो विषय आरोग्य खात्याचा.

शिक्षणपरिषदेत चर्चेसाठी पुढील प्रश्न घ्यावेत. आपापल्या शाळेतील पहिलीच्या कोणत्याही पाच मुलांची कार्डे मागवून प्रवेश-अर्जावरील उत्तराशी ताडून पाहा. किती ठिकाणी फरक आढळला, आणि तो कोणत्या डोसापासून सुरू झाला? आपल्या गावातून दिवाळीनंतर बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत पाच वर्षांखालील बालके किती, आणि त्यांची नावे आज कोणाच्या वहीत आहेत? गेल्या वर्षी चौथी संपवून गेलेल्या मुलांपैकी किती जणांना टीडी मिळाली हे नव्या शाळेस विचारून कळविता येईल काय? ज्या मुलाचे कार्ड नाही, चिठ्ठी नाही, आणि आईही हयात नाही, त्याचे पान कोणाला विचारून भराल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावी वेगळे येईल; ते गावाच्या नावासह लिहून पुढील परिषदेस आणावे.